बारा ते चार

हनोक,
तुझी यादी मिळाली. सिमेंटच्या चलनामागे,
पेन्सिलीने, त्या तिरक्या अक्षरात:
'उन्हाळ्यात वाचायची. क्रमाने वाच. घाई नको.'
पुस्तकं हेल्मेटांच्या खोक्यात होती,
आणि त्यांच्यामध्ये एक काळा, सुकलेला लिंबू.
तो का, ते लिहिलेलं नाही.

सित्र्यात आज सत्तेचाळीस.
बाराला भोंगा होतो. चारपर्यंत उन्हात
कशाला हात लावायचा नाही, सरकारी नियम.
पोरं कंटेनरात येऊन पडतात, एसीखाली.
मी तुझ्या खुर्चीत. एक पाय तिचा
अजून तसाच, पुठ्ठ्यावर उभा.

पहिलं वाचलं, तेल्याचं.
रेवदंड्याकडचा घाणा, शनिवारी बंद,
आणि गाव हसतं, की ह्यांच्या बैलालासुद्धा रजा.
समासात तू लिहिलंयस: 'खरा धार्मिक तोच.'
मी इतका हसलो की पोरं उठून बसली.
लिहिणारा आमच्याच खाडीचा वारा खाल्लेला.
आमच्या म्हसळ्याला जुम्म्याची होडी
अशीच वाळूत बसून असायची, नमाज सुटेपर्यंत,
आणि कावळे तिच्यावर.

दुसरं बगदादच्या मुलीचं.
ट्रंकेत सगळं भरते, आणि किटली
हातातच धरते, कारण ती अजून गरम आहे.
एवढंच. दोनशे पानं
लेखिका ती किटली निवू देत नाही.
हे मी मनामाच्या सूकात हबीबाबाईंना सांगितलं,
कापडवाल्या, ज्यांचे आजोबा बसऱ्याहून
मोत्यांच्या हंगामापुरते आले होते.
त्या म्हणाल्या, 'गरम किटली घेऊन कोण निघतं?
आमच्यात चूल आधी विझवतात.'
मग कापड मोजलं. घरी येऊन पाहिलं तर
पाव मीटर जास्त.

तिसरं सोडून दे म्हणालास, लांबण आहे.
मी सोडलं नाही.
लांबणच आहे.

चौथं बर्फाचं.
एक पोरगा पाठीवर भिंतीवरचं घड्याळ बांधून
बहिणीच्या लग्नाला निघालाय, दोन गावं पलीकडे,
शनिवार लागायच्या आत पोचायचंय,
आणि घड्याळ चालू ठेवायचंय, तशी आईला जबान दिलीय.
मूळ लेखकाकडे बर्फाला ढीगभर शब्द असणार.
अनुवादक बाईंनी हिव, गारठा, कुडकुड
यांच्यावर संसार केलाय,
आणि पानापानावर मला हुडहुडी भरते.

नियामतने विचारलं, क्या पढ़ता है रोज?
सिल्हेटचा तो, तुला आठवेल, सळयावाला.
मोडक्या हिंदीत सांगितलं थोडं.
दुसऱ्या दिवशी तिघं. आता आठ जण,
तोंड धुऊन, डबा उघडून, माझ्याकडे बघत.
बर्फ किती, ते कुणाला कळेना.
नियामतने पाण्याच्या पेटीत कोपरापर्यंत हात घातला,
'इतना?'
म्हटलं, इतना, और पूरा गाँव उसके अंदर.
तो हात बाहेर काढीना.

मी मधलं थोडं गाळतो. प्रार्थना आली की
नेमके शब्द मला जमत नाहीत,
तिथे म्हणतो, 'उसने दुआ माँगी.'
चालतं ना?

लिंबाचं कळलं. हबीबाबाई म्हणाल्या, चहात टाक, फोडून.
टाकला. कडू झाला चहा. प्यालो.

यादीतलं शेवटचं मात्र खोक्यात नाही.
'पेणला छापलेलं. कव्हर नाही, पहिली सोळा पानं नाहीत.
बाबा मोठ्याने वाचायचे, सतराव्यापासून.
माझ्याकडूनही हरवलं.
तुला कुठे धड प्रत मिळाली तर सुरुवात कळव.'
म्हसळ्याच्या मामूला सांगून ठेवलंय, तो रद्दी घेतो.
इथे कुठे मिळणार, तरी विचारत असतो.
ठाण्याला तुझा गुडघा कसा आहे?

काल घड्याळवाला नदीपाशी पोचला.
पूल नाही. नदी गोठलेली.
पहिलं पाऊल टाकलं त्याने, खाली काहीतरी तडकलं,
पाठीवर टिकटिक, आठही जणांचे घास हातात,
आणि तेवढ्यात
चारचा भोंगा.